उतार बदलणारी नदी: कंबोडियाविषयी सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

सोलापुरातील एका वाचनालयात दर शनिवारी जमणाऱ्या मंडळींनी यंदा दिवाळीनंतर कंबोडियाला जाण्याचा बेत केला आहे. जाण्यापूर्वी तो देश थोडा तरी समजून घ्यावा, देवळांपुढे उभे राहून छायाचित्रे काढून परतू नये, या हेतूने त्यांनी आमच्याकडे प्रश्नांचे एक जाडजूड पाकीट धाडले. त्यांचा बेत कानोकानी पसरला आणि जिल्ह्यातील इतर वाचकांच्या पत्रांचीही त्यात भर पडली. जागेअभावी सगळ्या पत्रांना उत्तरे देणे शक्य नाही, म्हणून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. अंगकोर वाटच्या शिल्पांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामुळे येथे भर आहे तो तेथील पाणी, जमीन, पंचांग आणि कापड यांवर.

प्रश्न : कंबोडियात एक नदी वर्षातून काही महिने उलटी वाहते, असे वाचले. नदी चढावर कशी वाहील? ही प्रवास कंपन्यांची अतिशयोक्ती आहे काय?
(निवृत्त भूगोल शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नदी चढावर वाहत नाहीच. तेथे उतारच आपली दिशा बदलतो.

कंबोडियाचा आकार साधारण परातीसारखा आहे. नैऋत्येला वेलदोड्याचे डोंगर आणि त्यांना लागून हत्तीचे डोंगर, उत्तरेला थायलंडच्या सीमेवर दांग्रेकचा उभा कडा, ईशान्येला पठार, आणि मधला सगळा भाग सपाट. या परातीच्या तळाशी तोन्ले साप हे सरोवर आहे. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘तोन्ले’ म्हणजे मोठी नदी आणि ‘साप’ म्हणजे गोडे, खारट नसलेले पाणी. सरोवराच्या आग्नेय टोकातून त्याच नावाची नदी निघते आणि सुमारे १२० किलोमीटर वाहून राजधानी नोम पेन्ह येथे मेकाँग या महानदीला मिळते. सरोवर आणि संगम यांच्या पातळीत फरक इतका थोडा आहे की कोणत्या बाजूचे पाणी वर चढले आहे, यावरच प्रवाहाची दिशा ठरते.

जून उजाडला की तिबेटातील वितळलेल्या बर्फाचे आणि लाओसच्या डोंगरांवरील पावसाचे पाणी घेऊन मेकाँग फुगते. नोम पेन्हजवळ तिची पातळी उन्हाळ्याच्या मानाने आठ-नऊ मीटर वर जाते. सरोवर त्या वेळी आटून तळाला गेलेले असते. संगमाकडची बाजू उंच आणि सरोवर खाली अशी स्थिती झाली की तोन्ले साप नदी मागे वळते आणि मेकाँगचे पाणी सरोवरात ओतू लागते. हे सप्टेंबरअखेरपर्यंत चालते. पुढे मेकाँग ओसरते, भरलेल्या सरोवराची पातळी तिच्यापेक्षा वर राहते आणि नदी पुन्हा समुद्राकडे तोंड करते. उजनी भरू लागले की भीमेचे पाणी मागे इंदापूर-करमाळ्याकडे चढत जाते, त्याला आपण फुगवटा म्हणतो. तोन्ले साप हा तसाच फुगवटा आहे, मात्र तेथे भिंत नाही. धरणाचे काम मेकाँग स्वतः करते आणि वर आपले पाणीही देऊन जाते.

या सगळ्याचे आकारमान डोळ्यांपुढे यावे म्हणून एक तुलना देतो. एप्रिलमध्ये सरोवराचा विस्तार सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असतो आणि बहुतेक ठिकाणी उंच मनुष्य उभा राहील एवढेच पाणी असते. भरपूर पाण्याच्या वर्षी ऑक्टोबरात तोच विस्तार १५,००० चौरस किलोमीटरच्या घरात जातो. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,९०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे उन्हाळ्यात दोन तालुक्यांएवढे असलेले तळे पावसाळ्याच्या अखेरीस करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा अख्खा जिल्हा व्यापते, असे समजावे.

माणसांनी या पाण्याशी जुळवून घेतले आहे ते दोन रीतींनी. काही गावे तरंगती आहेत. बांबूंच्या मोळ्यांवर किंवा पिंपांवर घरे, दुकाने, शाळा उभ्या असतात आणि काठ मागे सरला की अख्खे गाव होडीला दोर लावून ओढून नेले जाते. काही गावे खांबांवर उभी आहेत. अंगकोरशेजारच्या सिएम रीप शहराजवळील काम्पोंग फ्लुक गावात फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रस्त्यावर उभे राहून मान वर करावी लागते, कारण घरे डोक्यावर दोन मजले उंच, ज्वारीच्या शेतातील माळ्यासारखी, बारीक खांबांवर टांगलेली दिसतात. ऑक्टोबरात त्याच घराच्या उंबऱ्याला होडी बांधलेली असते.

पाणी चढते तेव्हा काठावरचे जंगल बुडते, आणि मासळीसाठी हेच कुरण ठरते. मेकाँगच्या पाण्याबरोबर माशांची पिल्ले सरोवरात येतात, बुडालेल्या झाडीत चरतात, वाढतात आणि पाणी उतरताना नदीवाटे परत निघतात. त्या वेळी, डिसेंबर-जानेवारीत, तोन्ले साप नदीच्या पात्रात ओळीने पिशवीसारखी लांब जाळी लावतात. पौर्णिमेच्या आधीच्या काही दिवसांत मासळीचा लोंढा सर्वांत मोठा असतो, हे कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या लोंढ्यातील बोटभर लांबीच्या माशाला ‘रिएल’ म्हणतात आणि देशाच्या चलनाचे नावही रिएल आहे. माशावरूनच चलनाला नाव पडले, अशी तेथे लोकसमजूत आहे. अभ्यासकांना ती तितकीशी पटत नाही, पण मासळी हेच ज्या देशाचे धन, तेथे ती समजूत रुजावी यात नवल नाही.

मेकाँगच्या वरच्या अंगाला चीन आणि लाओस यांनी बांधलेल्या धरणांमुळे, आणि पाऊसमान बिघडल्यामुळेही, ही लय आता डळमळली आहे. २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी नदी उशिरा वळली आणि सरोवरात पाणी कमी गेले. सकाळी वर्तमानपत्र उघडून आधी ‘उजनी किती टक्के’ ते पाहणाऱ्या आणि उणे टक्क्यांचा अर्थ जाणणाऱ्या सोलापूरकरांना तेथील कोळ्यांची काळजी समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : एवढे पाणी असलेल्या देशात शेती कशाची होते? आमच्यासारखा कोरडवाहू शेतकरी तेथे असतो काय?
(ज्वारी उत्पादक शेतकरी, मंगळवेढा)

उत्तर : मुख्य पीक भात, आणि त्यातील बराचसा पावसाच्या भरवशावरचा. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो, त्यामुळे पाण्याच्या देशातही कोरडे सहा महिने आहेतच.

आपल्याला विशेष वाटेल ती तेथील ओसरत्या पाण्यावरची शेती. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसानंतर पेरली जाते आणि काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, पुढे पाऊस झाला नाही तरी कणीस धरते. तोन्ले सापच्या काठावर तेच तत्त्व भाताला लावलेले आहे. पूर मागे हटू लागला की उघड्या पडलेल्या गाळात, पाण्याच्या पाठोपाठ एकेक पट्टा धरून लावणी करतात. याच्या उलट एक जुना वाण बुडत्या जमिनीत पेरतात. पाणी चढेल तशी त्याची काडी चढते, दोन-तीन मीटर पाण्यातही लोंबी वरच राहते आणि कापणी कधी कधी होडीतून करावी लागते. अधिक उत्पन्नाच्या नव्या वाणांपुढे तो मागे पडत चालला आहे.

भातखाचरांच्या बांधावर ताडाची झाडे असतात, आणि ताड हे कंबोडियाचे राष्ट्रीय झाड आहे. बांबूच्या एकखांबी शिडीवरून चढून रस काढायचा आणि तो कढईत आटवून साखर करायची, हा उन्हाळ्यातील उद्योग. काम्पोंग स्पेउ प्रांतातील ताडसाखरेला आणि काम्पोतच्या मिऱ्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे शिंदीची नीरा आहे. ताडापासून साखर करण्याची चाल मात्र सोलापुराकडे नाही.

जाता जाता एक गोष्ट. नान्नजच्या माळावर माळढोक पाहिलेले वा पाहायला जाऊन न दिसलेले वाचक बरेच असतील. तोन्ले सापच्या पूरमैदानातील गवताळ पट्ट्यात माळढोकाच्याच कुळातील बंगाल फ्लोरिकन हा पक्षी वीण करतो, आणि तेथेही गवताची जागा भातशेती घेत असल्याने तो नष्ट होण्याच्या कड्यावर उभा आहे.

प्रश्न : कंबोडियाच्या नकाशात ‘रत्नकिरी’ नावाचा प्रांत दिसला. त्याचा आपल्या रत्नागिरीशी संबंध आहे का?
(इयत्ता नववीतील विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : नावाचा आहे, गावाचा नाही. ‘रत्न’ आणि ‘गिरी’ या संस्कृत शब्दांपासून दोन्ही नावे स्वतंत्रपणे झाली आहेत. शेजारच्या प्रांताचे नाव मोंडुलकिरी, म्हणजे मंडलगिरी. रत्नकिरीत खरोखरच रत्ने सापडतात, आकाशी निळ्या रंगाचा गोमेद-जातीचा झिरकॉन खडा तेथील प्रसिद्ध आहे.

ही रत्ने लाव्हारसाने वर आणली. तेथील खडक आपल्या दख्खनच्या पठारासारखाच बेसॉल्ट आहे, पण वयाने फार तरुण, आणि पाऊस भरपूर असल्यामुळे त्याची माती काळी न होता तांबडीलाल झाली आहे. प्रांताच्या मुख्य गावाजवळ याक लोम नावाचे जवळजवळ अचूक गोल सरोवर आहे. त्याचे छायाचित्र पाहून तू ‘लोणार’ म्हणशील, परंतु लोणारचे विवर उल्कापाताने पडले आणि याक लोम हे निजलेल्या ज्वालामुखीचे तोंड आहे. परीक्षेत हा फरक विचारला गेला तर माझी आठवण काढ. त्या परिसरात ख्मेर नव्हे तर तम्पुअन, जराई, क्रेउंग असे डोंगरी समाज राहतात आणि सरोवर त्यांच्या दृष्टीने देवाचे आहे.

देशातील सर्वांत उंच शिखर मात्र तेथे नसून वेलदोड्याच्या डोंगरांत आहे. नोम आओराल, उंची १,८१३ मीटर. कळसूबाईपेक्षा थोडेसेच उंच. देशाचे एकूण क्षेत्रफळ १,८१,०३५ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या साधारण तीन पंचमांश.

प्रश्न : कंबोडियातही पितृपक्ष पाळतात, असे माझ्या भावाने सांगितले. तेथील लोक तर बौद्ध आहेत. मग हे कसे?
(गृहिणी, अक्कलकोट)

उत्तर : आपल्या बंधूंनी सांगितले ते खरे आहे, ताई, आणि या पाकिटातील मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच.

आधी तेथील महिन्यांची नावे मोठ्याने वाचून पाहा : चेत, पिसाक, चेस, आसाथ, स्राप, फोत्रबोत, आसोच, कादक. चैत्रापासून कार्तिकापर्यंतचे आपले महिने ओळखू येतील. महिना आपल्यासारखाच अमावास्येला संपतो. त्यातील फोत्रबोत, म्हणजे भाद्रपद, याच्या वद्य पक्षाचे पंधरा दिवस ‘फ्चुम बेन’ म्हणून पाळले जातात. ‘फ्चुम’ म्हणजे एकत्र येणे आणि ‘बेन’ हा ‘पिंड’ या शब्दाचा ख्मेर उच्चार. तिकडे अधिक महिना नेहमी आषाढाचाच धरतात आणि आपल्याकडे तो निरनिराळ्या महिन्यांत येतो, त्यामुळे एखाद्या वर्षी दोन्ही पंचांगांत महिनाभराचे अंतर पडते. एरवी आपल्या घरी सर्वपित्री असते त्याच सुमारास नोम पेन्हची बाजारपेठ ओस पडून माणसे गावाकडे निघालेली असतात.

विधी मात्र आपला नाही. श्रद्धा अशी की या पंधरवड्यात यमलोकाची दारे उघडतात आणि सुईच्या नेढ्याएवढ्या तोंडाची भुकेली पितरे आपापल्या वंशजांना शोधत विहारांतून हिंडतात. सात विहारांत शोधूनही आपल्या नावाचे अन्न मिळाले नाही, तर ती शाप देतात. म्हणून पहाटे, अंधार असतानाच, माणसे चिकट तांदळाचे तिळाचे गोळे घेऊन विहाराला प्रदक्षिणा घालतात आणि ते गोळे अंधारात भिरकावतात. उजाडण्यापूर्वीच का, तर पापी पितरांना उजेड सोसत नाही. पुढे दिवसभर भिक्षूंना भोजन देऊन त्याचे पुण्य पितरांच्या नावे केले जाते. कावळा शिवण्याची वाट पाहणे नाही, दर्भ नाही, आणि एका कुटुंबाचा पुरोहितही नाही. सारा गाव एकत्र येऊन सगळ्यांच्या पितरांना जेवू घालतो. आपल्याकडील श्राद्ध घराच्या चौकटीत होते, तेथील विहाराच्या अंगणात, हा मला दोहोंतला सर्वांत मोठा फरक वाटतो.

आणखी एका सणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वैशाख वद्यात राजाच्या उपस्थितीत नांगरणीचा सोहळा होतो, त्याचे नाव ‘च्रत प्रेआ नंगकोल’. यातील ‘नंगकोल’ हा संस्कृत ‘लांगल’, म्हणजे आपला ‘नांगर’. नांगरणी झाली की बैलांना सात तबकांपुढे उभे करतात. भात, मका, शेंगा, तीळ, गवत, पाणी आणि मद्य. बैल ज्यात तोंड घालतील त्यावरून वर्षाचा होरा सांगतात. भात-मका खाल्ला तर सुगी, आणि मद्याला तोंड लावले तर अनिष्ट.

प्रश्न : महिने आपले, रामायण आपले, देवळे आपली. मग कंबोडिया ही प्राचीन भारताची वसाहत होती, असे म्हणायला काय हरकत आहे?
(वाचनालयातील सभासद, सात रस्ता)

उत्तर : हरकत आहे, कारण तसा पुरावा नाही. कोणत्याही भारतीय राजाने ख्मेर देश जिंकल्याची नोंद सापडत नाही. व्यापारी आणि ब्राह्मण समुद्रमार्गे गेले, आणि ख्मेर राजांनी त्यांच्याकडून हवे ते घेतले. जे नको होते ते, उदाहरणार्थ आपल्यासारखी जातिव्यवस्था, तेथे रुजले नाही.

भाषेचेच पाहा. ख्मेर लिपी दक्षिणेतील पल्लव लिपीपासून निघाली आणि भाषेत संस्कृत-पाली शब्द भरपूर आहेत, पण भाषा मुळात वेगळ्याच कुळातली आहे. गंमत अशी की त्या कुळाची एक दूरची बहीण आपल्या महाराष्ट्रात, मेळघाटात बोलली जाते, ती म्हणजे कोरकू. तेव्हा ‘आपली’ भाषा तिकडे शोधायचीच असेल, तर मराठीपेक्षा कोरकूचा हक्क आधी. ख्मेर मोजणीही पाचाच्या पायावर चालते. पाचला ‘प्राम’, एकाला ‘मुई’, आणि सहाला ‘प्राम-मुई’, म्हणजे पाच-एक. जुने शिलालेखही हा दुपेडीपणा दाखवतात. देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, आणि शेत किती, बैल किती, कामाला माणसे किती याचा हिशेब ख्मेर भाषेत.

त्यातील एक हिशेबी शिलालेख आपल्याला जवळचा वाटावा. मेकाँगकाठच्या साम्बोर येथील या लेखावर ‘शके ६०५’ असा काळ कोरला आहे, म्हणजे इसवी सन ६८३. आणि त्यातील शून्य एका ठिपक्याने दाखवले आहे. दशमान पद्धतीतील शून्याच्या जगातील सर्वांत जुन्या कालनिश्चित नोंदींत त्याची गणना होते. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जो शक आजही छापला जातो, त्याच शकात तो मोजलेला आहे.

सोलापूरकराने तुलना करायचीच असेल तर मी वेगळी सुचवीन. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरा सूर्यवर्मन अंगकोर वाट बांधत होता. त्याच शतकात आपल्याकडे सिद्धरामेश्वरांनी तळे खोदवले आणि नगराच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापली. अंगकोरलाही सारा व्यवहार तळ्यांचा आणि लिंगांचा आहे. तेथील पश्चिम बाराय हे अकराव्या शतकातील तळे सुमारे आठ किलोमीटर लांब व दोन किलोमीटर रुंद आहे, खोदून नव्हे तर चारी बाजूंनी मातीचे बांध घालून केलेले, आणि त्यात आजही पाणी असते. कुलेन डोंगराकडे क्बाल स्पिआन नावाच्या ओढ्याच्या तळाच्या खडकात शेकडो लिंगे कोरली आहेत. त्यांच्यावरून वाहून पवित्र झालेले पाणी खालच्या मैदानाकडे जावे, ही कल्पना. एका कोरड्या आणि एका ओल्या मुलखातील माणसांनी पाणी आणि देव यांची सांगड एकाच पद्धतीने घातली. कोणी कोणाचे घेतले, यापेक्षा ही गोष्ट मला अधिक लक्षणीय वाटते.

ख्मेर राजांची ही राजधानी अंगकोर ओस पडली त्यामागे सयामी स्वाऱ्या होत्याच, परंतु वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून असे दिसते की चौदाव्या-पंधराव्या शतकांत तेथे लांबलेले दुष्काळ आणि मध्येच कोसळलेले अतिपाऊस यांनी कालव्यांची घडी मोडली. आपल्याकडील दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ ते १४०७ असा सांगतात, तो याच काळातला. दोन्ही मुलूख एकाच मोसमी वाऱ्यावर जगतात, हे विसरू नये.

आज देशातील बहुसंख्य लोक थेरवादी बौद्ध आहेत. अंगकोर वाटच्या गाभ्यात आता विष्णू नाही, बुद्ध आहे, आणि गावकरी तेथे उदबत्ती लावायला येतात. आपण तेथे पाहुणे म्हणून जावे, वारस म्हणून नव्हे.

प्रश्न : आमची तिसरी पिढी मागावर आहे. कंबोडियातील विणकामात आमच्या कामाचे काही पाहण्यासारखे आहे का?
(विणकर, साखर पेठ)

उत्तर : पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि दोन गोष्टी तर आपण हातात घेऊनच पाहाव्यात.

पहिली ‘क्रमा’. हा सुती चौकड्याचा पंचा. तांबडा-पांढरा किंवा निळा-पांढरा. शेतकरी तो डोक्याला गुंडाळतो, बाई त्यात बाजार बांधून आणते, नदीवर आंघोळीला तोच नेसतात, दोन खांबांना बांधून तान्ह्या मुलाची झोळी करतात. २०२४ साली युनेस्कोने क्रमाच्या परंपरेला मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले. माझ्याकडे असलेला एक जुना क्रमा मी साखर पेठेतल्याच एका वयोवृद्ध कारागिराला दाखवला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला, कडेचा एक धागा नखाने उचलून त्याचा पीळ सोडून पाहिला, चौकडा ताण्यात (उभ्या धाग्यांत) जसा तसाच बाण्यातही (आडव्या धाग्यांत) आहे हे बोटाने मोजून दाखवले, “दोन धोट्यांचे काम आहे, आणि हातमागच,” एवढे म्हणाले आणि घडी घालून तो आपल्याच खांद्यावर टाकला. परत मागायला मलाच संकोच वाटला.

दुसरी गोष्ट ‘होल’, म्हणजे रेशमी इकत. सोलापूरच्या पद्मशाली समाजाची मुळे तेलंगणात असल्याने पोचमपल्लीचे काम आपल्याला माहीत असेलच. होलमध्ये फक्त बाण्याचा धागा बांधून रंगवतात. आडवे रेशीम चौकटीवर ताणायचे, नक्षीप्रमाणे केळीच्या सोपटाने घट्ट बांधायचे, रंगवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. जितके रंग तितक्या फेऱ्या. तांबडा लाखेच्या किड्यांपासून, निळा निळीपासून, पिवळा झाडाच्या सालीपासून. मग कांड्या क्रमाने भरून विणताना प्रत्येक धागा काठाशी जुळवत नेतात. विणही साधी नाही. तीन वह्यांची (ताण्याचे धागे उचलणाऱ्या मागाच्या चौकटींची) विषम तिरपी वीण असल्याने बाणा एका बाजूला अधिक उठतो, आणि म्हणून कापडाची एक बाजू झळकते व दुसरी मंद राहते. माग बहुधा खांबांवरच्या घराखाली, सावलीत, कोंबड्यांच्या शेजारी मांडलेला असतो. हे वस्त्र नेसण्याची जुनी पद्धतही पाहून घ्या. पुढचा सोगा पिळून पायांमधून मागे खोचतात, अगदी काष्ट्यासारखा.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्ट, राजवटीत शहरे रिकामी केली गेली, सुमारे सतरा ते वीस लाख माणसे मेली, तुतीच्या बागा आणि माग गेले, आणि नक्षी कागदावर नव्हे तर बायकांच्या स्मरणात असल्यामुळे नक्षीही त्यांच्याबरोबर गेली. जे वाचले ते काही म्हाताऱ्या विणकरणींच्या बोटांत. जपानी रंगारी किकुओ मोरिमोतो यांनी अशा बायका गावोगाव शोधून १९९६ मध्ये ख्मेर वस्त्रपरंपरेसाठी संस्था काढली. पुढे सिएम रीपच्या उत्तरेला ओसाड जागेवर तुती, निळीची झाडे आणि विणकरांचे गाव वसवले. सोलापुरात गिरण्या बंद पडताना यंत्रे भंगारात गेली, ते आपण पाहिले आहे. तेथे माणसेच गेली.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. उपास तर घडणार नाही ना?
(वाचनालयातील तीन भगिनी, होटगी रस्ता)

उत्तर : भात, फळे आणि नारळ मिळतीलच. परंतु ‘प्राहोक’ हा शब्द पाठ करा. मीठ लावून आंबवलेल्या माशांचा हा लगदा आपल्याकडील शेंगाचटणीसारखा ताटात वेगळा दिसत नाही. तो भाजीत, सारात, चटणीत विरघळलेला असतो. भाजी शाकाहारी दिसते म्हणून ती तशी असेलच असे नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर न्यावी, हा सल्ला मी कोणत्याही देशासाठी देतो.

प्रश्न : नेमके कधी जावे?
(तीच मंडळी)

उत्तर : कार्तिकात. पाऊस थांबलेला असतो, सरोवर भरलेले असते, आणि कार्तिक पौर्णिमेच्या तीन दिवसांत नोम पेन्हला राजवाड्यासमोर नावांच्या शर्यतींचा ‘बोन ओम तुक’ हा उत्सव होतो. एकेका लांब नावेत साठ-सत्तर वल्हेकरी उभे किंवा बसून एका तालात वल्ही मारतात. सुरुवातीला वर्णन केलेली नदी समुद्राकडे परत फिरते तोच हा सुमार. मात्र पाणी कमी असल्यामुळे किंवा अन्य कारणाने काही वर्षी उत्सव रद्द झाला आहे, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी चौकशी करावी. २०१० साली याच उत्सवात एका पुलावर चेंगराचेंगरी होऊन तीनशेहून अधिक माणसे दगावली होती. वारीची गर्दी पाहिलेल्यांना निराळे सांगायला नको, पण पुलांवर रेंगाळू नका. दांग्रेकच्या कड्यावरील प्रेआ विहेआर हे शिवमंदिर या वेळी वगळावे, कारण थायलंडशी असलेल्या वादातून २०२५ मध्ये त्या सीमेवर तोफा चालल्या.

पंढरपूरची कार्तिकी एकादशी करून निघालात तरी पौर्णिमेपर्यंत चार दिवस हातात राहतात. त्या रात्री विहाराच्या अंगणात चंद्राला नमस्कार करून सगळ्यांच्या हातांवर केळे आणि नारळाबरोबर ‘अम्बोक’ ठेवतात. नव्या भाताचे, उखळात कांडलेले पोहे. आपल्या कोजागरीनंतर बरोबर एका महिन्याने.